चौकशीच्या दिवशी आई उभी राहिली

अनसिंग, जि. वाशिम
६ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप स्नेहाताईस,
प्रसेनजितचा सविनय जयभीम.

वि. वि. फोनवर हे सांगता येत नाही. आपली खोली एकच, आई सगळं ऐकते. म्हणून लिहितो आहे. आधी खाली बस, मग वाच. काल आपली आई उभी राहिली.

आनंदानं नाचू नको. पुढचं वाच.

तुला माहीतच आहे, गेल्या वर्षी आईला लकवा मारला अन मी वाशिमचं कॉलेज दुसऱ्या वर्षातच सोडून घरी आलो. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, लुगडं बदलणं, घास भरवणं, सगळं माझ्याकडे. उपकार नाही करत, पण तिला टाकून मजुरीलाही जाता येत नाही, अन तू तरी संसारातून ओढून किती दिवस पाठवशील? जो माणूस आजाऱ्याला पूर्णवेळ सांभाळतो त्याच्या नावानं सरकारी मदतनीस भत्ता मिळतो, असं कळलं म्हणून मी अर्ज टाकला होता. त्याच्या चौकशीला काल साहेब आले.

मी मागच्या अंगणात आईचे कपडे पिळत होतो. साहेबांनी दारातूनच सांगितलं की हे सोबतचे पंच, शेजारच्या गावचे इंद्रभानजी. पिळा माझ्या हातातच राहिला. ताई, ते रूपाचे बाबा!

रूपाचं तुला काय नव्यानं सांगू? कारंज्याच्या दवाखान्यात नर्स आहे, अन ती हसली की माझं अर्धं काम विसरतं. झाला सुरू, म्हणशील. बरं, राहू दे.

धावत आत आलो तर आई खाटेवर नव्हती. डाव्या हातानं दाराची चौकट धरून उभी होती, लुळा हात पदराखाली झाकलेला. पाहुण्यांना म्हणून राह्यली होती की या भाऊ, बसा. साहेबांनी विचारलं, तुम्हाला सांभाळतं कोण? तर म्हणे मले काय झालं, माझं मलेच होते, पोरगा वाशिमले कॉलेजात शिकते, सुट्टीचा आलाय. तेवढ्यात सगळ्यांची नजर माझ्याकडे, अन माझ्या हातात तिचं ओलं लुगडं. तर म्हणे, पाहा, सुट्टीतबी हात रिकामा ठेवत नाही.

खरं बोलावं तर परक्या माणसांपुढे आई खोटी पडते. गप्प राहावं तर भत्ता जातो. गप्प राहिलो. साहेबांनी लिहून घेतलं की मदतनिसाची गरज दिसत नाही.

गाडीचा आवाज लांब गेला अन आई चौकटीवरून घसरत खाली आली. घामानं भिजलेली. मी उचलून खाटेवर ठेवली आणि ताई, तिच्यावर ओरडलो. काहून केलं असं म्हणून. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून आहे. मले काहीच समजून नाही राह्यलं. उद्या ऑफिसात जाऊन टेबल उलटं करतो, बस.

काय करू ते लवकर कळव. राग कर, पण माया आटू देऊ नको.

तुझा,
प्रसेनजित

——

नागपूर
१३ ऑगस्ट २०२५

चि. प्रसेनजित यास,
ताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हातातलं पीठ तसंच घेऊन मी ओट्याशी बसून राहिले. दिवाळीत आले होते तेव्हा तिला कुशीवर वळवताना मला घाम फुटला होता. ती उभी राहिली? अजून विश्वास बसत नाही.

तुला समजून नाही राह्यलं म्हणतोस. बावळटा, तिचे केस विंचरताना रोज रूपा-रूपा कोण करतो? त्या पोरीच्या सगळ्या गणगोताची नावं आईला तोंडपाठ आहेत. तुला पंच दिसला, तिला मुलीचा बाप दारात दिसला. अंथरुणाला खिळलेली सासू बघून कोण पोरगी देईल? गेल्या महिन्यात फोनवर ती मला म्हणाली होती की माझ्यापायी पोराचं लगन अडलं तं कसं? मी हसण्यावारी नेलं. त्या बाईनं तुझा भत्ता घालवला नाही रे, तुझी रूपा वाचवायला गेली ती. आणि तू ओरडलास!

आधी तिची माफी माग. मग ऑफिसात जा, पुन्हा चौकशी होते का ते नीट विचार. टेबल जागेवर राहू दे. कॉलेज सोडतानाही कारकुनाशी भांडूनच निघाला होतास, तेवढी कीर्ती पुरे.

आमचा उत्कर्ष त्याच्या मामाची वाट पाहतो. आईच्या तळपायांना माझ्या नावानं तेल लाव. आमच्यावर जीव असू दे.

तुझी,
स्नेहाताई

——

अनसिंग
२ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप ताईस,
सविनय जयभीम.

वि. वि. आईनं माफ केलं. टेबलही शाबूत आहे. चौकशी पुन्हा होईल, पण पंच तेच राहतील, अन त्यांनीच लिहून द्यावं लागेल की आधी पाहिलं ते तसं नव्हतं. म्हणजे कुणाच्या दारात जायचं, समजलं ना?

दोन वेळा अर्ध्या वाटेतून परत आलो. रूपानं आमचं घरी सांगितलं आहे, अन मी शिकतो असंही सांगून ठेवलं आहे. मी तोंड उघडलं की ती खोटी, आई खोटी, अन मी बेकार. न उघडावं तर आईचं पुढं कसं? शेवटी परवा गेलो. त्यांच्या ओट्यावर उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. कॉलेज सोडलं, आई जागची हलत नाही, तिचं सगळं मी करतो.

ताई, धक्का मलाच बसला. इंद्रभानजी म्हणाले, मले तवाच समजलं होतं. चौकट धरलेली बोटं पांढरी पडली होती तिची. पण बाई आपल्या घरात उभी राहून सांगून राह्यली, तिले लबाड कसं म्हणू? मी सही देतो, म्हणे. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी खांदा धरून थांबवलं. म्हणाले, सही देतो, पोरगी नाही देत. माझी माय अंथरुणावर होती, बायकोची सारी उमर तिचं करण्यात गेली. पुन्हा तेच पोरीच्या पदरात कायले टाकू?

मला कुणाचाही राग येतो, तुला ठाऊक आहे. त्यांचा नाही आला. रूपा फोनवर नुसती रडून राह्यली आहे. आईला सगळं सांगितलं, ती फक्त ठीक हाय म्हणाली. जेवण जात नाही. जास्त काय लिहू? या भावाला विसरू नको.

तुझा,
प्रसेनजित

——

अनसिंग
१९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. स्नेहाले,
आई पंचफुलाचा जयभीम अन पोटभर आशीर्वाद.

सांगनारी मी, लिहिनारा तुहा भाऊ. मी बोलीन तसंच लिहाचं, मधात डोकं नाही चालवाचं, असं त्याले बजावलं हाय.

परवा साहेब पुन्हा आले. इंद्रभानभाऊबी आले. या बारीनं मी पडून राह्यली. बाई, उभं राह्याले जेवढा जोर नाही लागला तेवढा पडून राह्याले लागला. साहेबानं इचारलं तं सांगतलं, माझं हागनंमुतनं, आंघोळ, सारं हा पोरगा करते. माझ्यापायी त्यानं कॉलेज सोडलं. (हे लिहायला जड जात आहे, पण ती माझ्या हाताकडे बघून राह्यली आहे. — प्र.)

साहेबानं लिहून घेतलं का सांभाळनारा प्रसेनजित. भाऊनं खाली सही केली. मंजूर व्हाले येळ लागन म्हनते, लागू दे. साहेब गाडीकडं गेले अन मी भाऊले थांबवलं. इचारलं, भाऊ, आता कायच्यावर सही केली तुमी? ते म्हने, तुमचं सारं पोरगा करते म्हून. म्हनलं, मंग तुमच्या पोरीले माझं करा लागन, असं कोन म्हनते? तुमीच लिहून देल्लं ना का करनारा हा हाय. तुमची पोरगी नोकरी करन, घर हा पाहीन. तिनं माझ्या अंगाले हात नाही लावला तरी चालते. आता बोला.

स्नेहे, भाऊचं तोंड उघडंच राह्यलं. या गध्याचंबी. (खरं आहे. — प्र.) मंग भाऊ म्हने, पोरीची माय नाही आयकनार. म्हनलं, तिलेच आना. जिनं सासूचं केलं, मले तिच्यासंगच बोलाचं हाय.

काल फोन आला. येत्या ऐतवारी दोघंबी येऊन राह्यले. होकार नाही म्हने, नुसतं बोलाले. प्रसेनजित म्हनते, आई, तुले उशीला टेकवून बसवू का, नवं लुगडं नेसवू का? म्हनलं, काही नको. रोजच्यासारखी पडली राहीन, अन तू त्याइच्यासमोर मले घास भरव.

(ताई, काढलेलं नवं लुगडं परत पेटीत ठेवून आलो. — प्र.)

उत्कर्षले पापा घेजो. सवड काढून येजो, माहेराची याद ठेवजो.

तुही,
आई