अँटेनेचं तोंड पूर्वेला

१२ जानेवारी, सोमवार
आलेलं सामान: टीव्हीची अँटेना एक, डबा एक, रिमोट एक. टीव्ही केंद्राच्या ऑफिसकडून चाचणीसाठी म्हणून फुकट. रिमोटचे सेल २४ रुपये, अँटेनेला नारळ ३०.
आमच्या मोहने गावात केबलशिवाय चॅनल कसे दिसतात, ते आठवडाभर फॉर्मवर लिहायचं. बिल्डिंगमधून दोघींची निवड, मी आणि वरची जागृती. मी केबल बंद केली तेव्हा हिनेच चारचौघींत विचारलेलं, "काकू, तुमचा टीव्ही आहे की फोटोफ्रेम?" शनिवारी सातला कीर्तन लागतं. तेव्हाच हळदीकुंकू ठेवते. तिला सोडून सगळ्यांना बोलावणार.
नमस्कार करून अँटेनेचं तोंड पूर्वेला केलं. जागृतीने दक्षिणेला केलंय. यमाची दिशा. भोगेल.

१३, मंगळवार
'सिग्नल नाही.' हे म्हणाले, जरा फिरवून बघ. देवघर फिरवतं का कोणी?

१५, गुरुवार, सकाळी ७
वरून भजन ऐकू येतंय. चोरून केबल घेतली असणार.
कारण सापडलं. गच्चीवरची तिची पत्र्याची शेड. फॉर्ममध्ये 'अडथळा' असा रकाना आहे. लिहिलं: जागृती, दुसरा मजला. शेड पाडायला लावीन.

१६, शुक्रवार
ऑफिसला फोन केला. उद्या साहेब येतात तपासायला. उत्तम. हळदीकुंकवाच्या अकराजणींसमोर निकाल लागेल.

१७, शनिवार
सुश्रुत साहेब मीटर घेऊन आले. फॉर्म मोठ्याने वाचला. "अडथळा, जागृती?" बायका पदराआड हसल्या. शेडचा काही दोष नाही म्हणे. "मावशी, टॉवर दक्षिणेला आहे," म्हणत त्यांनी अँटेना फिरवली. बुवा लख्ख दिसले, टाळासकट.
पण सवाष्णी बसलेल्या असताना यमाकडे तोंड? मी परत पूर्वेला केली. बुवा गेले.
विमलाबाई म्हणाल्या, "चला गं, वर चालू आहे." माझं वाण घेऊन अकराही जणी वर. मागाहून जागृतीचा निरोप: "काकू, आवाज वाढवू का? खाली ऐकू येईल."


२४, शनिवार
संध्याकाळी सातला जिन्यात मेथी निवडत बसले. घरात उजेड कमी. शेवटचा अभंग नीट ऐकू आला नाही. जागृती मुद्दाम आवाज कमी ठेवते.
ऑफिसला पोस्टकार्ड लिहिलं: टॉवर पूर्वेला कधी हलवताय, ते उलट टपाली कळवावे.