पांढऱ्या दगडाच्या रेषेत

प्रिय छोट्या,

हे वाचायला आधी नीट बसून घे. गेल्या आठवड्यापासून मी धड जेवलेली नाही, आणि मी जेवले नाही म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

जिल्ह्याच्या वर्धापनासाठी इतिहासाचं पुस्तक लिहायचं काम माझ्याकडे आलंय, हे तुला कळवलंच होतं. पहिल्या वस्तीपासून आजपर्यंत. मिठागरं, होड्यांचे कारखाने, दीपगृह, डबाबंद मासळी आणि आता ही हॉटेलं, सगळं सुरळीत चाललं होतं. पहिलं प्रकरण तर काय, आपल्या घरचंच. ओसाड किनारा, आपल्या मूळपुरुषाची एकुलती एक होडी, आणि मागून येणाऱ्यांना वाट दिसावी म्हणून त्याने टेकडीखाली उभा केलेला दगड. दर वर्षी त्याला चुना लावताना दगडापेक्षा तूच जास्त पांढरा व्हायचास आणि आई तुला दारातच उभं करून खराट्याने झाडायची. पुढच्या महिन्यात तोच दगड जिल्ह्याचं बोधचिन्ह होणार आहे.

नव्या धक्क्यासाठी समुद्राचा तळ मोजणारी बोट निघाली होती. म्हटलं, आपल्या घरातली बाई कधी समुद्राच्या बाजूने गेलेली नाही, आपण एकदा जाऊन दगड पाण्यावरून बघावा. दगड आणि टेकडीचा सुळका एका रेषेत धरायचे आणि सरळ आत यायचं, हे आपल्याला तोंडपाठ. मी ऐटीत तसं सांगितलं. मोजणीवाल्या बाईने यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं आणि घाईघाईने बोट वळवायला लावली. त्या रेषेत खडक आहे, छोट्या. पाण्याखाली जेमतेम कमरेएवढ्या खोलीवर. मी लगेच अक्कल पाजळली की वाळू सरकते, पूर्वी वाट इथूनच असणार. आपण सगळ्यांना हेच तर सांगत आलो. ती म्हणाली, वाळू सरकते हो, खडक नाही सरकत. मग तिने तळाचं चित्र दाखवलं. नांगर पडलेत तिथे, एकावर एक, निरनिराळ्या काळातले.

आपल्या माजघराच्या तुळया वाकड्या का, तर इथली झाडंच वाऱ्याने वाकतात, असं मी इतकी वर्षं वर्गात शिकवलं. कपाळ माझं. ती फुटलेल्या जहाजांची लाकडं आहेत. आपले पूर्वज वाट दाखवत नव्हते, जहाजं खडकावर आणत होते आणि मग वाहून आलेला माल गोळा करत होते. माणसांचं काय करत होते, ते मला विचारू नकोस.

तशीच ओल्या चपलांनी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. वाटलं, ऐकून कोसळतील. ते चहा ओतत होते, ओतत राहिले. त्यांना ठाऊक होतं, जन्मभर. पणजोबांनी लाजेपोटी जहाजांना सुखरूप बंदरात आणायचं वाटाड्याचं काम पत्करलं, आणि तेव्हापासून त्या कामावर जाणाऱ्या मुलाला बाप पहिल्या दिवशी हे सांगतो. मी मुलगी, म्हणून मला सांगितलं नाही. तू ते काम नाकारून शहरात गेलास, म्हणून तुला नाही. आणि आपण समजत होतो, घराण्याचा अभिमान दुखावला म्हणून ते तुझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या लेखी ते काम म्हणजे फेड होती, आणि तू ती अर्ध्यावर सोडलीस. मग दर वर्षी चुना का लावू दिलात, असं विचारलं तर म्हणाले, दगड काळा पडला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं. त्यांचा संताप येतो, आणि लगेच पोटात तुटतंही.

पहिलं प्रकरण नव्याने लिहून मी त्यांना वाचून दाखवलं. छापू नकोस म्हणतील, असं धरूनच चालले होते. तर म्हणाले, आपलं आडनाव गाळलंयस, ते घाल. वर्धापन समितीचे अध्यक्षसाहेब फोनवर फोन करतायत, जरा गोडीने घ्या म्हणून. मी काही बधणार नाही.

पण एवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं, हे तू पेपरातही वाचलं असतंस. काल बाबा कुदळ घेऊन दगडापाशी गेले. थोडी माती उकरली आणि तिथेच बसले. शेजारी धावले तर कुणाला हात लावू देईनात. मी घरी आणलं, पाय शेकून दिले, तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, हा घरच्यांनीच पाडायचा, माझ्याच्याने होत नाही. तू गेल्यापासून ज्यांनी या घरात तुझं नाव काढलं नव्हतं, त्यांनी मग विचारलं, त्याला बोलावलं तर येईल का गं? येईल, असं मी सांगून बसले आहे.

तुझीच,
ताई