उभं करणारा पलंग

बाबा, मला आजकाल किळस येते. राग आला असता तर कोणावर तरी ओरडून मोकळी झाले असते. ही किळस सकाळच्या चहापासून सुरू होते आणि दवाखान्यातून परत येताना चौबे कॉलनीच्या वळणापर्यंत तोंडात कडू राहते. आईला सांगितलं असतं, पण तिला आता ऐकू येत नाही, आणि मोठ्याने सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी हळू बोललं तरी चालेल.

कारखान्यात वॅगनवरून पडून तुमचं कमरेखालचं गेलं तेव्हा मी शाळेत होते. रेल्वेच्या क्वार्टरला दोन खोल्या. पुढच्या खोलीत ठेवलं तर भेटायला येणारे चेहरा पाडून बसतात, म्हणून तुम्हीच म्हणालात, "मले सैपाकघरात टाका. तिथं फोडणीचा वास तं येते." मग तुमची खाट मोरीच्या बाजूला लागली. अजून दिसतं मला. मी शाळेतून येते, तुम्ही पोटावर ताट ठेवून तांदूळ निवडताय, आणि माझ्याकडे न पाहता म्हणता, "काय वं पोट्टे, या घराची समदी बुडं मले माहीत हायेत. फळीचं बूड, टेबलाचं बूड, तुह्या मायच्या कढईचं बूड. वरून घर कसं दिसते तेच इसरलो." आई म्हणायची, कढईच्या बुडाबद्दल बोलायचं काम नाही. तुम्ही म्हणायचात, "एक डाव उभं करा न मले. कपाटावर काय लपवून राहिले तुम्ही लोकं, पाहू तं द्या."

काकांनी आणि शेजाऱ्यांनी एकदा काखेत हात घालून उभं केलंच होतं तुम्हाला. तुमचे डोळे फिरले, ओठ पांढरे पडले, आणि दोघांनी घाबरून परत निजवलं. कपाट काही दिसलं नाही. त्यानंतर डॉक्टरनेही सांगितलं, अब लेटे ही रहने दो. आम्ही लेटेच राहू दिलं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या माणसाची हाडं आतून पोकळ होतात हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. ते आम्हाला त्या दिवशी कळलं, ज्या दिवशी आईने चादर बदलायला तुम्हाला कुशीवर वळवलं आणि मांडीतून सुकी काडी मोडल्यासारखा आवाज आला. तुम्हाला तिथे दुखत नव्हतं. मीच रडत होते. "काहून रडून राहिली? हाडूक माह्यं मोडलं, तुह्यं नाई."

मी फिजिओथेरपी शिकले ती त्या आवाजामुळे. कॉलेजात नंबर लागला तेव्हा तुम्ही उशीखालून तुमची सपाटी पाहायची पितळी लेव्हल काढून दिलीत, हिरव्या पाण्यात बुडबुडा असलेली, कारखान्यातून आलेली तेवढी एकच वस्तू. त्या लेव्हलवरून मी किती बोलणी खाल्ली होती. स्वयंपाकघराची फरशी मोरीकडे उतरती, त्यामुळे खाट डोक्याकडून खाली जायची. मी पुठ्ठ्याच्या घड्या करून खुराखाली सारायची आणि तुम्ही विचारायचात, "बुडबुडा मधात आला का?" मी कंटाळून 'आला' म्हणायची. "खोटं नको बोलू. माह्यं डोस्कं खाली जाऊन राहिलं. पडून राहाचं तं सरळ पडून राहू दे. डोस्कं खाली अन् पाय वर, असं तं मेलेलं ढोरही ठेवत नाई कोणी." ती लेव्हल अजून माझ्या पर्समध्ये असते.

आता मुद्द्याचं. तुमच्यासारख्या, पडून असलेल्या माणसांच्या हाडांवर काम करायला पैसे मिळावेत म्हणून मी किती अर्ज केले. सगळे परत आले, विषय महत्त्वाचा आहे पण, असं लिहून. मग आमच्या विभागप्रमुख सरांनी एक दिवस अर्ज वाचला आणि हसले. "मैडम, ये लेटे हुए लोग किसको चाहिए? इसमें अंतरिक्ष डालो." म्हणजे असं, बाबा. माणसाला चंद्राच्याही पलीकडे, मंगळाकडे वगैरे जायचं असेल तर त्याला कित्येक महिने वजनाशिवाय तरंगत राहावं लागेल. पायांवर भार नाही, म्हणून त्याची हाडं तशीच पोकळ होतात जशी तुमची झाली. इथे जमिनीवर त्याचा अभ्यास करायचा तर धडधाकट तरुणांना कित्येक आठवडे पलंगावर निजवून ठेवतात, डोकं थोडं खाली आणि पाय वर, कारण तसं केलं की रक्त डोक्याकडे जातं, अंतराळात जातं तसंच. यात खोटं काही नाही. माणसाने तिकडे जावं असं मलाही वाटतं. सरांनी शब्द दिला की निम्मा अभ्यास तरुणांचा आणि निम्मा आपल्या वॉर्डातल्या पडून असलेल्या पेशंटांचा. मी अर्ज नव्याने लिहिला. या वेळी अनुदान मंजूर झालं. मी पेढे आणले, सदर बाजारातून.

पलंग आले त्या दिवशी मी एक मूर्खपणा केला. बसवणारा माणूस पलंग लावून गेला होता. मी सवयीने लेव्हल काढली, पलंगाच्या कडेवर ठेवली, बुडबुडा पळाला. पुढचं हातांनीच केलं. प्रत्येक पलंगाच्या पायाचे स्क्रू फिरवत मी बुडबुडा मध्ये आणत गेले. शेवटचा पलंग सरळ झाला तेव्हा लक्षात आलं की ते तिरपे असण्यासाठीच आणले होते. सर दारात उभे. "वाह मैडम, आपने तो पूरा अंतरिक्ष सीधा कर दिया!" सगळे हसले, मीही हसले. ते का झालं हे चहा घेताना मी सरांना सांगितलं. तुमच्याबद्दल, खाटेबद्दल, पुठ्ठ्याबद्दल. एरवी मी कोणाला काही सांगत नाही.

त्या सामानात एक वेगळा पलंग होता. पेशंटला पट्ट्यांनी बांधायचं आणि हँडल फिरवून पलंग हळूहळू उभा करायचा, भोवळ येऊ न देता, रोज थोडा जास्त. त्याने पायांच्या हाडांवर भार येतो. आमच्या वॉर्डात धमतरीकडची एक बाई आहे. मोहाच्या झाडावरून पडली, पाठीचा कणा गेला, तेव्हापासून आडवी. तिला आम्ही त्या पलंगावर घेतलं. पुष्कळ दिवस थोडं थोडं करत एका सकाळी ती पूर्ण उभी राहिली. तिने खिडकीबाहेर पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वरून पाहिलं आणि म्हणाली, "ए दाई, ए तो नानचुन होगे!" हा तर एवढासा झाला म्हणून. तो लाजला. सगळा वॉर्ड हसला. मी लेव्हल काढून पलंगाला उभी लावून पाहिली, उगीचच. बाबा, मला कपाट आठवलं.

मग पैसे देणाऱ्यांची समिती पाहणीला आली. बुके, बॅनर, बॅनरवर अंतराळवीराच्या पोशाखातला माणूस, काजूकतली. सर सगळं दाखवत होते. वॉर्डातल्या पेशंटांचा विषय निघाला तेव्हा समितीतले एक गृहस्थ म्हणाले की अंतराळवीर निरोगी असतात, या लोकांना जखमा आहेत, इन्फेक्शन आहे, पोटभर खाणं नाही, यांच्यामुळे निष्कर्ष खराब होतील. खराब. बाई तिथून दोन खोल्या पलीकडे होती. मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं आता हे बोलतील. सर बोलले. त्यांनी पलंग सरळ केल्याची गोष्ट सांगितली, रंगवून, आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "इनके पिताजी तो बरसों लेटे रहे। बिना टिकट के अंतरिक्ष यात्री!" खोली हसली. एकाने काजूकतलीचा तुकडा हातात धरूनच मला नमस्कार केला, तुम्हाला केल्यासारखा. विषय तिथेच संपला, पुढचा कागद निघाला.

समितीच्या म्हणण्यावरून केलेल्या नव्या प्रस्तावात वॉर्डातले पेशंट नाहीत. उभं करणारा पलंग वरच्या मजल्यावर नेला, तिथे आठवडेच्या आठवडे झोपवलेले तरुण उठताना भोवळ येऊन पडतात का ते त्यावर पाहतात. मी सरांना म्हटलं, दुपारी तो रिकामाच असतो, तेवढ्यापुरता खाली द्या. "मैडम, ग्रांट का सामान है। ऑडिट में कौन जवाब देगा?" बाईच्या नवऱ्याला मीच सांगितलं की आता होणार नाही. मला वाटलं भांडेल. तो म्हणाला, "हव दीदी." हो, ताई. एवढंच. ज्यांना नाही म्हणायची सवय लागू दिलेली नाही त्यांचं ते हव. बाईने मात्र विचारलं, "दीदी, एक घाँव अउ खड़ा कर देतेव." एकदा अजून, म्हणे. तिला मी काय सांगितलं ते लिहवत नाही. पुढच्या आठवड्यात तिला घरी सोडतील. घरी नवरा तिला चादर बदलायला कुशीवर वळवेल.

काल प्रस्तावावर माझी सही हवी होती. मी म्हटलं, माझं नाव काढा. मला वाटलं होतं, काहीतरी होईल, निदान सर खुर्चीतून उठतील. ते म्हणाले, "जैसी आपकी मर्ज़ी. काम तो देखेंगी ना?" मी हो म्हटलं. नाव निघालं. बाकी सगळं जागच्या जागी आहे, पलंगसुद्धा. आज मी वर जाऊन त्या तरुणांचे तिरपे पलंग तपासले. तिरपेपणा बरोबर आहे का ते पाहिलं, तुमच्याच लेव्हलने.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला माहीत आहे. कपाटावर ठेवीन. तिथे आई जुन्या गोधड्या ठेवते, बाबा, आणि एक फुटलेला रेडिओ. बाकी काही लपवलेलं नव्हतं.

आणि एक. समितीसमोर सर ते बिनतिकिटाचं बोलले, तेव्हा सगळ्यांच्या आधी मी हसले. मोठ्याने. तुम्हीच बोललात असं वाटलं मला, क्षणभर.