दाराबाहेरच्या मुलीची माफी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुठल्याही वर्गाचं दार उघडं दिसलं की माझी नजर आधी बाहेर जाते. आता मी ठाण्यात शिक्षकांना प्रशिक्षण देते. विषय मानवी हक्क. हसू नका!

डोंबिवलीतली खाडीकडची ती शाळा, पाचवीचा वर्ग, डी.एड.चा माझा शेवटचा सराव पाठ. धडा बालकांच्या हक्कांचा. तुम्ही आमच्या कॉलेजच्या बाई, मागे बसून गुण देणार, म्हणून आम्ही सगळ्याच जणी करायचो तेच मी केलं. वाचताना अडखळणारी मुलं आधीच शेजारच्या वर्गात पाठवली, म्हणजे पाठ कसा झक्क होतो. एक कोळ्यांची पोर मात्र गेली नाही, दाराबाहेरच थांबली. मी फळ्यावर लिहितेय, 'प्रत्येक मुलाला शिकण्याचा हक्क आहे', आणि तुम्ही उठून बाहेर जाता. "इथे का गं उभी?" ती म्हणते, "बाईंनी सांगलंय, आज हुशार पोरांचाच पाठ हाय." तुम्ही तिच्याशेजारी पायरीवर बसलात. माझी तर पाचावर धारण बसली! तरी घोकलेलं सगळं मी शेवटपर्यंत म्हटलं.

नंतर पाठाची वही परत देताना तुम्ही आवाजही चढवला नाहीत. "बाहेर सगळं नीट ऐकू येत होतं. जा, तिची माफी माग, मग घरी जा." मला असा राग आला, बाई! एवढ्याशा पोरीची माफी, ती पण शिक्षिकेनं? मी सरळ स्टेशन गाठलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "मागितलीस?" मी "हो" म्हटलं. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. तो हात अजून जात नाही.

हा प्रसंग मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते, 'माझी एक मैत्रीण' म्हणून. काल कल्याणच्या एका तरुण शिक्षिकेनं विचारलं, "मॅडम, माफी मागितल्यावर ती मुलगी काय म्हणाली?" माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही, हसली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेलं, किती सहज आलं ते खोटं!

मी तिच्याकडे गेलेच नव्हते, बाई. तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. हे लिहितेय, कारण हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही. तुम्ही आज समोर येऊन पुन्हा विचारलंत, तर मी "हो"च म्हणेन.