मोटर क्रमांक तीन रिकामी फिरू देण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पंपगृहे व जलनिस्सारण विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : पंपगृहातील मोटर क्रमांक तीनची वीजजोडणी न तोडणेबाबत.
संदर्भ : ‘पंप जोडलेला नसताना मोटर कशासाठी फिरते’ असा खुलासा मागणारी व जोडणी तोडण्याचे कळवणारी आपली नोटीस.

महोदय,

खुर्चीचा पाय, खिळ्यासह. सायकलची चेन. भिजून फुगलेली उशी. चष्म्याची एक काडी. पडद्याचा लोखंडी दांडा, वाकलेला. खालची दाढ.

वरील वस्तू एकाच पावसात पंपगृहाच्या जाळीत सापडल्या. काडी आणि दाढ माझी. उशी कुणाची ते कळले नाही. उरलेल्या वस्तू आधी माझ्या अंगावर वापरून झाल्या होत्या. मारून झाले की लोक हातातले तिथेच वाहिनीत टाकतात आणि घरी जातात. मग ते मलाच उपसावे लागते.

१. गटाराचे व पावसाचे पाणी पंपाच्या विहिरीत येण्याआधी वाहिनीतल्या उभ्या गजांच्या जाळीतून जाते. चिंध्या, बाटल्या, फांद्या, गाद्या तिथे अडतात, म्हणून पंपाचा पंखा शाबूत राहतो. जाळी तुंबली की विहिरीत पाणी येत नाही आणि पंप कोरडा तापतो. पंप चालू ठेवून जाळी साफ करता येत नाही. पाण्याची ओढ कचऱ्याला गजांवर असा दाबून धरते की दाताळे हलत नाही. सबब पंप बंद करून, खाली उतरून, कचरा ओढून काढावा लागतो. तेवढ्या वेळात खालच्या वस्तीत पाणी चढते.

२. खालची वस्ती पंप कानाने पाहते. घरघर चालू आहे तोवर लोक जेवतात, भांडतात, पोरे निजवतात. घरघर थांबली की दारे उघडतात आणि लोक माझ्याकडे निघतात. सर्वांत पुढे माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचे घर वस्तीत सर्वांत खाली आहे. ते दारातूनच ओरडतात, “साल्या, पंप बंद करून विड्या फुंकतोस? गॅसच्या शेगडीपर्यंत गटार आलंय!” (‘साल्या’ ही शिवी धरावी की नाते, यावर पोलीस ठाण्यात बराच वेळ गेला व तक्रार तशीच राहिली.) मी म्हणतो, “दाजी, जाळी तुंबलीय, दोन मिनिटं द्या.” ते म्हणतात, “घे दोन,” आणि दोन देतात. बाकीचे आपापल्या देतात. मनगट, नाक आणि दाढ अशा क्रमाने गेले. मीही गप्प बसलेलो नाही. दाताळ्याचे दोन दात मी वस्तीतल्या शिंप्याच्या मांडीत घातले. ते बाहेर काढायला चौघे लागले.

३. पुढे दाजींच्या असे मनात आले की पाणी अडवते ती जाळीच. त्यांनी हॅक्सॉ आणून मधले दोन गज कापले. पुढच्याच पावसात त्या फटीतून एक रजई आत गेली. पंप क्रमांक एकने ती गिळली, दांड्याभोवती आवळली, पंखा फुटला आणि त्याचा तुकडा आवरण फोडून छतात रुतला. तो अजून तिथेच आहे. दाजींच्या पलंगावर पाणी आले. पंप थांबला म्हणून मला मारण्यात आले. पंप थांबला होता हे खरे आहे.

४. त्यानंतरच्या पावसात पंप क्रमांक दोन बंद करून मी वाहिनीत उतरलो होतो. दाजी आले. मी दिसलो नाही, तेव्हा पळालो असे समजून ते पॅनेलच्या खोलीत गेले आणि त्यांनी हिरवे बटण दाबले. पाण्याने मला उचलले आणि गजांवर आपटले. छाती गजांना चिकटली, पाठीवर मागून येणारा सगळा कचरा. कापलेल्या फटीतून माझा पाय आत गेला आणि पंप तो ओढू लागला. तोंड पाण्याबाहेर होते. वरून ताईचा आवाज आला, “अहो, तो खाली आहे! बंद करा! मरतोय तो!” तीन फासळ्या मोडल्या. पाय आहे.

६. बरा होऊन आल्यावर मी उपाय शोधला. मोटर क्रमांक तीनचा पंप दुरुस्तीला गेला तो परत आलाच नाही. मोटर जागेवर आहे. जाळी साफ करायची वेळ आली की मी खरा पंप बंद करतो आणि ही रिकामी मोटर चालू करतो. घरघर तीच. वस्ती जागची हलत नाही. तेव्हापासून मला कुणी हात लावलेला नाही. फक्त ताईला दोन्ही आवाजांतला फरक कळतो. तो ऐकला की ती धान्याचे डबे आणि मुलांची दप्तरे माळ्यावर टाकते. दाजी विचारतात, “पाणी कसं चढतंय गं? पंप तर चालू आहे ना?” ती म्हणते, “ऐकू येतंय की.”

७. जोडणी तुटली तर पुढच्या पावसात शांतता ऐकू जाईल आणि मी वाहिनीत असेन. तरी विनंती की,
जाळीशेजारी दुसरी वाहिनी बांधून तयार आहे. तिच्या तोंडाशी भिंत घालून आत कार्यालयाच्या मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत. (वर नमूद केलेला पाय त्यांतलाच असावा.) भिंत पाडून तिथे गज बसवावेत. मग एक जाळी साफ करताना दुसरी चालेल, पंप थांबणार नाही, आणि मोटर तीन खुशाल भंगारात द्यावी;
तोवर मोटर फिरू द्यावी;
तेही जमत नसेल तर घरघर टेप करून कर्णा लावून द्यावा;
कर्णा नसेल तर मारहाणीबाबत लेखी आदेश काढावा, की लोखंड वापरू नये आणि डोक्यावर मारू नये;
आदेशही निघत नसेल तर दाजींना माझ्या जागी पंपचालक नेमावे आणि त्यांचे घर मला द्यावे. पंप थांबला की मी येईन. काय घेऊन येईन ते ठरवून ठेवले आहे.

आपला, सध्या उभा असलेला,
(सही)
पंपचालक

दिनांक : नोटिशीच्या मुदतीच्या आत.

सोबत : फासळ्यांचा एक्स-रे. कापलेल्या गजाचा तुकडा (जड असल्याने शिपायाकडे ठेवला आहे).

५. (वर लिहायचा राहिला.) पंप बंद करून दाजींनी वाहिनीत उडी मारली. मला गजांतून सोडवताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे तुटली.