न धावलेले एकोणतीस हजार नऊशे किलोमीटर

प्रति,
मा. वाहन अधीक्षक,
रस्ते देखभाल विभाग,
वाहन आगार.

अर्जदार : वाहनचालक, ट्रक क्रमांक ७.

विषय : एक्सलचे गिअर बदलल्यापासून ट्रक क्रमांक ७ चे मीटर पुढे पळत असल्याने ते दुरुस्त करून ट्रक मुदतीआधी भंगारात न काढणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) त्यांवर आलेली आपली तीन उत्तरे, जी एकमेकांशी जुळत नाहीत.

महोदय,

सादर विनंती की, अर्जदाराचा याच विषयावरील हा चौथा अर्ज आहे. पहिल्या तिन्ही अर्जांत अर्जदाराने एक गोष्ट लपवली होती. ती या अर्जाच्या परिच्छेद ५ मध्ये लिहिली आहे. आपणास घाई असल्यास थेट तिथे जावे, पण मग मधला भाग कळणार नाही.

१. ट्रक क्रमांक सात, जिला आगारात सगळे थोरली म्हणतात, ती साडेएकोणीस वर्षांपूर्वी कोरी आली तेव्हा तिच्या सीटवरचे प्लास्टिक अर्जदाराने स्वतःच्या हाताने काढले होते. तेव्हापासून ती रोज खडीच्या खाणीवर जाते आणि खडी घेऊन परत येते. जाताना चाळीस किलोमीटर, येताना चाळीस. नियमाप्रमाणे पाच लाख किलोमीटर भरले की ट्रक भंगारात काढतात. आज सकाळी थोरलीच्या मीटरवर ४,९९,४०० होते. उरले सहाशे, म्हणजे या मीटरच्या हिशेबाने सहा फेऱ्या. आज सोमवार आहे. त्या येत्या शनिवारी संपतील.

२. सव्वासहा वर्षांपूर्वी खाणीच्या चढावर थोरलीच्या मागच्या एक्सलमधल्या गिअरचे दाते तुटले. नवे गिअर मागवण्याच्या कागदावर तेव्हा सह्या होता होत नव्हत्या. म्हणून मुख्य मिस्त्रींनी भंगारात पडलेल्या तीन नंबरच्या ट्रकचे गिअर काढून थोरलीला बसवले. ते चढाला जास्त जोरकस निघाले. पूर्वी चाक एकदा फिरायला इंजिनाकडून एक्सलकडे येणारा शाफ्ट पाच वेळा फिरत असे, आता सहा वेळा फिरतो. मीटर बिचारे चाकाकडे बघत नाही, ते शाफ्टचे फेरे मोजते. त्यामुळे थोरली पाच किलोमीटर चालली की मीटर सहा दाखवते.

यावरचा उपाय अर्ध्या तासाचा आहे. मीटरची केबल फिरवणारी एक गरारी असते, कोटाच्या बटणाएवढी. पंधरा दात्यांची काढायची आणि अठरा दात्यांची घालायची, की मीटर ताळ्यावर येते. मिस्त्रींनी अठरा दात्यांची गरारी त्याच आठवड्यात मिळवलीही होती. पण हरवू नये म्हणून त्यांनी ती बिस्किटांच्या डब्यात घालून इतकी जपून ठेवली की नंतर ती त्यांनाही सापडली नाही. गेल्या महिन्यात कपाट हलवले तेव्हा मागून डबा निघाला. गरारी आजही नवीकोरी आहे.

३. गिअर बदलले त्या दिवशी मीटर ३,२०,००० होते. त्यानंतर ते १,७९,४०० पुढे गेले, पण थोरली प्रत्यक्षात धावली १,४९,५००. फरक २९,९०० किलोमीटर. एवढे अंतर कुणीही, कुठेही, कोणत्याही कारणासाठी कापलेले नाही. म्हणजे थोरलीचे खरे धावणे ४,६९,५०० इतकेच आहे व तिच्या नावावर अजून साडेतीस हजार शिल्लक आहेत. अर्जदार चौदा महिन्यांनी निवृत्त होत आहे. महिन्याला दोन हजार धरले तर त्याला अठ्ठावीस हजार लागतील. दोघे एकाच दिवशी सुटू शकतात, आणि वरचे अडीच हजार विभागाला राहतात.

४. आपल्या उत्तरांविषयी. पहिल्या अर्जावर आपण कळवले की, मीटर मागे घेणे हा गंभीर गुन्हा आहे. अर्जदाराने मीटर मागे घ्या असे म्हटलेच नव्हते. गरारी बदला आणि वाहन नोंदवहीत फरकाचा शेरा मारा, एवढेच म्हटले होते. दुसऱ्या अर्जावर आपण कळवले की, भांडाराच्या वहीत गिअर दिल्याची नोंद नसल्याने गिअर बदललेलेच नाहीत. बदलले असल्यास एक्सल खोलून दाखवावा, मात्र ट्रक भंगाराच्या यादीत असल्याने तो खोलण्यास परवानगी नाही. हे उत्तर मिस्त्रींनी दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले आणि जेवायला निघून गेले.

तिसऱ्या अर्जानंतर आपण नोंदवही कारकुनांना प्रत्यक्ष मोजणीसाठी थोरलीत बसवून पाठवले, याबद्दल अर्जदार आभारी आहे. कारकुनांनी रस्त्यावरचा किलोमीटरचा एकेक दगड मोजला. खाणीपर्यंत दगड चाळीस भरले, मीटर अठ्ठेचाळीस. अर्जदाराला वाटले, आता काम झाले. कारकुनांनी परत येऊन अहवाल दिला की, रस्त्यावर आठ दगड कमी आहेत, ते तातडीने बसवावेत. महोदय, परवा शनिवारी त्या रस्त्यावर दोन माणसे दगड घेऊन जागा शोधत फिरताना अर्जदाराने स्वतः पाहिली.

५. आता लपवलेली गोष्ट. मीटर जास्त दाखवते, हे अर्जदाराला पहिल्याच आठवड्यात कळले होते. त्याने मिस्त्रींना सांगितलेही. मिस्त्री म्हणाले, "गरारी सापडू दे, मग बघू." तेवढ्यात वर्ष संपले आणि इंधन बचतीचा निकाल लागला. डिझेल तेवढेच आणि किलोमीटर जास्त, तेव्हा थोरली पहिली आली. आपण भर सभेत अर्जदाराच्या उजव्या पायाच्या हलकेपणाची स्तुती केलीत. अर्जदाराने मान खाली घातली, ती सगळ्यांना विनयाने घातल्यासारखी वाटली. त्यानंतर अर्जदार गप्प बसला. ओळीने तीन वर्षे पहिला आल्यावर भिंतीवरचे घड्याळ मिळाले. ते अर्जदाराच्या पत्नीने दारासमोर लावले, म्हणजे येणाऱ्याला आधी तेच दिसावे. खरे सांगायचे तर तिसऱ्या वर्षापर्यंत अर्जदाराला स्वतःलाही आपला पाय हलका आहे असे वाटू लागले होते.

आता थोरलीचे खरे किलोमीटर मागायचे तर खोटा मान ठेवून चालणार नाही. अर्जदार तिन्ही प्रमाणपत्रे व घड्याळ परत करीत आहे. पत्नी म्हणाली, "घड्याळ द्या खुशाल, पण भिंतीतला खिळा मी काढणार नाही." त्याच वर्षांत सर्वाधिक सरासरीबद्दल आगारालाही एक प्रशस्तिपत्र मिळाले होते व ते आपल्या खुर्चीमागे लावलेले आहे. त्याचा या अर्जाशी काही संबंध नाही, हे अर्जदार आधीच स्पष्ट करतो.

६. थोरली गेल्यावर उरलेले चौदा महिने अर्जदाराने फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे मीटर वहीत उतरवावे, असा आपला आदेश आहे. काम हलके आहे, सावलीतले आहे, अर्जदाराच्या गुडघ्यांचा विचार करून दिलेले आहे, हे त्याला कळते. पण साडेएकोणीस वर्षे ज्या गाडीचा आवाज ऐकून दिवस सुरू झाला, तिला सोडून दुसऱ्यांचे आकडे लिहीत बसणे अर्जदाराला जमणार नाही. तिच्याशिवाय त्याला करमणार नाही. सरकारी कागदात हे कसे लिहितात ते माहीत नसल्याने साधेच लिहिले आहे.

७. तरी शनिवारपूर्वी गरारी बदलण्याचा आदेश व्हावा आणि नोंदवहीत २९,९०० चा शेरा मारावा, ही विनंती.

हे शक्य नसल्यास एवढे तरी करावे. भंगाराचे आवार खाणीला लागूनच आहे. तिथवर थोरलीला दोरी बांधून ओढत नेऊ नये. अर्जदारास ती चालवत नेण्याची परवानगी द्यावी आणि त्या दिवशी गरारीला हात लावू नये. रस्ता चाळीस किलोमीटरचा आहे, मीटर अठ्ठेचाळीस दाखवील. ते वरचे आठ किलोमीटर कुठेच नाहीत, हे अर्जदाराला पक्के ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र ते त्याला हवे आहेत.

मीटरपेक्षा कमी धावलेला,
आपला आज्ञाधारक
(सही)
वाहनचालक, ट्रक क्रमांक ७

दिनांक : १८, सोमवार. मीटर : ४,९९,४००.

सोबत :
१) बिस्किटांचा डबा, आत गरारी, दाते अठरा (मोजून घ्यावेत).
२) मुख्य मिस्त्रींचा कबुलीजबाब, अर्धे पान, तेलाच्या डागांसह.
३) इंधन बचतीची प्रमाणपत्रे, तीन.
४) भिंतीवरचे घड्याळ, एक, चालू. ते रोज थोडे पुढे पळते. घरी आम्ही दर रविवारी ते मागे घेत होतो. त्याबद्दल अद्याप कुणी गुन्हा नोंदवलेला नाही.