सोमकुवर सरांचा बास परत करण्याबाबत

हा कागद लिहायला मी अकरा दिवस लावले. पहिल्या दिवशी पेन नव्हता. आणायला गेलो तर वाडीच्या नाक्यावर एक कंटेनर फसला होता, तो निघेपर्यंत बघत उभा राहिलो. पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखे नाहीत. आज चार वाजता चंपतरावांच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गुवाहाटीला निघायचं आहे. घाटरस्ता आहे, म्हणून आता लिहितो.

मी, ऋषिकेश रुपराव भोंगाडे, ऊर्फ पिंटू, वय सव्वीस, आयटीआय अर्धवट, राहणार सिंधूताईंच्या घरची वरची खोली, वाडी, नागपूर, लिहून देतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी प्यायलेलो नाही, कोणाची जबरदस्ती नाही, आणि माझ्यामागे माझ्या ताब्यातल्या वस्तूंची व्यवस्था अशी लावावी.

कलम १. कपडे ज्याला बसतील त्याला. मोबाइल माझी आई जयवंता हिला. त्याआधी त्यातलं ‘रियाज’ नावाचं रेकॉर्डिंग पुसून टाकावं. नाही, पुसू नये. कारण पुढे येईल.

कलम २. छताचा पंखा घरमालकीण सिंधूताईंना द्यायचा होता, पण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वाचलं. हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “पंखा तं माझाच हाय, मेल्या.” कलम रद्द.

कलम ३. काळा, चार तारांचा बास गिटार, मानेमागे अंगठ्याच्या जागी रंग उडालेला. हा माझ्या ताब्यात आहे, पण माझा नाही.

तो नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या धम्मानंद सोमकुवर सरांचा. तीस वर्षं त्यांनी भीमगीतांच्या पार्टीत तो वाजवला. मला शिकवलं ते फक्त स्केल: एकेक सूर चढायचा, तसाच उतरायचा. मानेवरची चार घरं, त्यांना चार बोटं, करंगळीला सुट्टी नाही. मी गाणं मागितलं की म्हणायचे, “आंधी हात बनव, मंग गाणं. जे बोट तारेवरून उडते, ते वेळेवर वापस येत नाही गा.”

मागच्या वर्षी सरांच्या डाव्या अंगाला लकवा मारला. मग त्यांनी सांगितलं, रोज सकाळी सातला स्केल रेकॉर्ड करून पाठव. पहिल्या दिवशी मी खरंच वाजवलं, मित्राच्या बास गिटारवर. स्पीकर नव्हता, म्हणून सरांनी शिकवलं तसं गिटारचं डोकं लाकडी दाराला टेकवलं. दार घुमायला लागतं. छान झालं. तिसऱ्या फेरीत खालून सिंधूताईंच्या कुकरची शिट्टी आली, तेवढीच. दुसऱ्या दिवशी मी उठलो नाही, तेच पाठवलं. तिसऱ्या दिवशीही तेच. असं सात महिने.

तिसऱ्या महिन्यात सरांनी घरी बोलावून हा बास माझ्या हातात दिला. त्यांची मुलगी मिनल समोर उभी होती. ती नर्सिंगची ड्यूटी करून येते आणि रोज तासभर स्केल वाजवते. तिची करंगळी तारेपासून बोटभरही उठत नाही. सर तिला म्हणाले, “तू नाराज नको होऊ वं. हा पोरगा एक दिवस चुकला नाही.” मी दोन्ही हातांनी बास घेतला. वर त्यांच्या पाया पडलो. ते पाया पडणं अजून झोंबतं.

अकरा दिवसांपूर्वी मिनल चौकात भेटली. म्हणाली, “बाबा सकाळी तुह्यं रेकॉर्डिंग लावते अन् चादरीवर डाव्या हाताची बोटं हलवते. आता करंगळी पन हलून राहिली.” मग म्हणाली, “तुमच्या घरी रोज तिसऱ्या फेरीलेच भात शिजते काय गा?”

मी हसलो. ती हसली नाही. त्या दिवसापासून पाठवणं बंद केलं. बास काढून वाजवून पाहिला, तर माझी करंगळी चौथ्या घरावर पोचेपर्यंत मोबाइलवर लावलेल्या त्याच रेकॉर्डिंगचा ठोका पुढे निघून गेला होता.

म्हणून हा बास, पट्टा आणि पिशवीसह, मिनल धम्मानंद सोमकुवर हिला द्यावा. हे देणं नव्हे, तो तिचाच आहे.

कलम ४. सरांना खरं सांगायचं की नाही ते मिनलने ठरवावं. रेकॉर्डिंग पुसू नये, कारण त्यावर त्यांची बोटं हलतात.

सही करायला आलेल्या सिंधूताईंनी हे वाचलं. “मेल्यावर काहून देतं? हातपाय धड हायेत, आज जाऊन देऊन ये.”

“तोंड नाही, ताई.”

“मंग मेल्यावर कोनतं तोंड येनार हाय तुले?”

खरं तर इंदोऱ्याला जावं लागू नये म्हणूनच हा कागद लिहिला. गुवाहाटीला निघणंसुद्धा त्यासाठीच.

ठिकाण: वाडी, नागपूर. दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४.

लिहून देणार: ऋ. रु. भोंगाडे

साक्षीदार १: सिंधूताई (सही केली, बडबडत)

साक्षीदार २: चंपतराव. त्यांचीच वाट बघतोय. जिन्यावर पावलं वाजतायत. पण चंपतराव असे चढत नाहीत. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. “बाबा, कठडा धरा,” हा मिनलचा आवाज.

“डाव्याच हातानं धरला, पाह्य.” सर. वर्षभर घराबाहेर न पडलेले सर. आता दाराशी आलेत आणि बाहेरूनच विचारतायत,

“पिंट्या, अकरा दिवस झाले, शिट्टी काहून बंद झाली गा?”